द्रावणाचा कस आणि फळझाडाचे रोप

इंदूर शहरातील स्नेहलतागंज किंवा रामबाग यांसारख्या जुन्या वस्त्यांत आता परसदार उरलेले घर क्वचितच आढळते. जेथे एके काळी लिंबाचे किंवा पेरूचे झाड उभे असे, तेथे मजल्यावर मजले चढले आहेत आणि बागेची हौस गच्चीवर गेली आहे. अशाच एका गच्चीची कल्पना करावी. झाडांची आवड असलेल्या एका गृहस्थाने मातीवाचून झाडे वाढविण्याच्या पद्धतीविषयी, म्हणजे हायड्रोपोनिक्सविषयी, बरेच ऐकले आहे. त्याने लिंबाची एकाच वयाची रोपे तीन टबांत लावली. एका टबात पोषक क्षार पुडीवर छापलेल्या प्रमाणात घातले, दुसऱ्यात त्याच्या निम्मे घातले आणि तिसऱ्यात, झाड लवकर मोठे व्हावे म्हणून, दीडपट घातले. वैशाख लागला, आणि दीडपट क्षारांच्या टबातील रोप भर दुपारी माना टाकू लागले. पूर्ण मात्रेच्या टबातील रोपाच्या पानांची टोके करपली. निम्म्या मात्रेचे रोप मात्र तजेलदार राहिले.

गृहस्थ बुचकळ्यात पडला, यात नवल नाही. ज्याला सर्वांत अधिक वाढले, तेच रोप उपाशी राहिल्यासारखे दिसत होते. मुळे अष्टौप्रहर पाण्यात असूनही ते तहानेने व्याकूळ झाले होते. या कोड्याचे उत्तर ज्याला नीट उमगेल, त्याला मातीविना फळझाडाचे रोप वाढविण्यातील निम्मी विद्या साध्य झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

ते उत्तर प्रत्येक स्वयंपाकघरात दरसाल उन्हाळ्यात पाहावयास मिळते. लोणच्यासाठी कैरीच्या फोडी करून त्यांना मीठ चोळून ठेवले, की काही वेळाने पातेल्याच्या तळाशी पाणी साचते. हे पाणी कोणी ओतलेले नसते. ते फोडींतूनच बाहेर आलेले असते. वनस्पतीच्या पेशीभोवती जे सूक्ष्म पटल असते, त्यातून पाणी सहज ये-जा करते, परंतु क्षारांना तितकी मोकळीक नसते. अशा पटलाच्या दोन बाजूंना कमीअधिक दाट द्रावणे असली, तर पाणी विरळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाते. शास्त्रज्ञ या क्रियेला परासरण म्हणतात. मुळाच्या आतील रस बाहेरच्या पाण्याहून दाट असतो, म्हणूनच पाणी मुळात शिरते. बाहेरचे द्रावण दाट होऊ लागले, की हा फरक घटतो आणि तितकेच पाणी ओढून घेण्यास रोपाला अधिक कष्ट पडतात. टबातील द्रावण काही मिठात घातलेल्या कैरीइतके तीव्र नसते आणि मुळांतील पाणी उलट बाहेर पडण्याची वेळ सहसा येत नाही. परंतु दुपारच्या उन्हात पानांतून पाणी झपाट्याने उडत असताना मुळांचा पुरवठा थोडा जरी मागे पडला, तरी रोप मान टाकते. पोषक द्रावण हे रोपाचे अन्न आहे आणि तेच त्याचे पाणीही आहे. अन्न दाट केले, की पाणी दुर्लभ होते.

द्रावणाचा कस मोजण्याची रीत सोपी आहे. शुद्ध पाण्यातून विजेचा प्रवाह फारसा वाहत नाही. त्यात क्षार विरघळले, की तो वाहू लागतो. क्षार जितके अधिक, तितकी ही विद्युतवाहकता अधिक. ती मोजणारे लहानसे उपकरण आता सहज मिळते. आकडा डेसीसायमन प्रति मीटर या एककात सांगतात. मिलिसायमन प्रति सेंटिमीटर असे लिहिलेले असले, तरी आकडा तोच असतो. दर एक डेसीसायमनमागे द्रावणाचा परासरणी दाब सुमारे ०.३६ वातावरण इतका वाढतो, असा ढोबळ हिशेब आहे. या उपकरणाची एक मर्यादा मात्र विसरता कामा नये. पाण्यात क्षार किती आहेत, हे ते सांगते. कोणते आहेत, हे सांगत नाही. निरुपयोगी मीठ आणि उपयोगी नायट्रेट त्याला सारखेच.

मातीवाचून वनस्पती वाढविण्याचा प्रयोग नवा नाही. जर्मनीत युलिउस फॉन झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी १८६० च्या सुमारास नुसत्या क्षारयुक्त पाण्यात रोपे वाढवून दाखविली. त्यांचा हेतू शेतीचा नव्हता, तर वनस्पतीला कोणती द्रव्ये लागतात हे शोधण्याचा होता. कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक गेरिक यांनी १९२९ नंतर या प्रयोगाला शेतीचे रूप दिले आणि १९३७ साली हायड्रोपोनिक्स हे नाव रूढ केले. त्याच विद्यापीठातील होगलंड आणि आर्नन यांनी १९३८ मध्ये एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली; तिची सुधारलेली आवृत्ती १९५० साली निघाली. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे द्रावण आजही जगभरच्या प्रयोगशाळांत प्रमाण मानले जाते. त्यात दर लिटरला नत्र सुमारे २१०, पालाश २३५, कॅल्शियम २००, स्फुरद ३१ आणि मॅग्नेशियम ४८ मिलिग्रॅम असते. लोह, जस्त, बोरॉन आदी द्रव्ये अगदी अल्प असतात. या पूर्ण कसाच्या द्रावणाची वाहकता सुमारे २ ते २.२ भरते. भारतात जेम्स शोल्टो डग्लस यांनी १९४६ पासून कालिम्पाँगच्या बाजूस वाळू-खडीच्या वाफ्यांत हीच विद्या साध्या साधनांनी चालवून पाहिली आणि तिला बंगाल पद्धती हे नाव मिळाले.

इंदूरच्या दृष्टीने येथे एक गमतीचा योग आहे. मातीचा कैवार घेणाऱ्या विचाराला याच शहरात मोठे बळ मिळाले. सर अल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ पासून १९३१ पर्यंत इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेचे संचालक होते. तेथे त्यांनी आणि रसायनज्ञ यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण आणि माती यांपासून खत बनविण्याची जी रीत बसविली, ती इंदूर पद्धती म्हणून जगभर गेली. त्या दोघांचे पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झाले. नत्र, स्फुरद आणि पालाश मोजून घातले म्हणजे शेती झाली, हा समज हॉवर्डना मान्य नव्हता. त्यापूर्वी बिहारमधील पुसा येथे असताना त्यांनी फळझाडांची मुळे उकरून त्यांचा बारकाईने अभ्यास केला होता. झाडाचे आरोग्य मुळाशी असते आणि मुळाला हवा लागते, हा त्यांचा निष्कर्ष होता.

माती नाकारणाऱ्या विद्येला हॉवर्डची शिकवण निरुपयोगी वाटेल; पण गोष्ट उलट आहे. माती काय करते, हे कळल्यावाचून ती काढून टाकता येत नाही. माळव्याच्या काळ्या मातीचे कण आणि तिच्यातील कुजलेला सेंद्रिय अंश हे क्षारांचे भांडार असते. खत अधिक पडले, तर त्यातील बराच भाग माती स्वतःकडे धरून ठेवते. कमी पडले, तर साठ्यातून हळूहळू सोडते. युरिया घातला, तर मातीतील सूक्ष्मजंतू त्याचे मुळांना मानवणाऱ्या रूपात रूपांतर करतात. सारांश, मालकाच्या चुका माती मुकाट्याने पदरात घेते. टबातील पाण्यात यांतले काहीच नसते. तेथे चमचाभर क्षार जास्त पडले, तर ते त्याच घटकेला मुळाशी भिडतात. तेथे युरिया घालून तर उपयोग थोडा. वाहकतेच्या उपकरणालाही तो दिसत नाही. माती दूर केली, की तिचे काम मालकाकडे येते, आणि द्रावणाचा कस सांभाळणे हा त्या कामाचा मुख्य भाग होय.

पालेभाजीच्या बाबतीत ही चूक फार महाग पडत नाही. पीक महिना-दीड महिन्याचे. एक बिघडले तर दुसरे पेरता येते. फळझाडाचे रोप मात्र पंचवीस-तीस वर्षांच्या संसाराचा पाया असतो. शिवाय बहुतेक फळझाडे क्षारांच्या बाबतीत नाजूक असतात. अमेरिकेतील मास आणि हॉफमन यांनी १९७७ साली निरनिराळ्या पिकांची क्षार सहन करण्याची ताकद तक्त्यात मांडली. मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता टोमॅटोला २.५ पर्यंत चालते. संत्र्याचे आणि पीचचे उत्पन्न मात्र १.७ च्या पुढे घटू लागते. संत्र्याच्या बाबतीत त्यापुढील दर एका डेसीसायमनला ही घट सुमारे १६ टक्के दिली आहे. खजुराला मात्र ४ पर्यंत काही होत नाही. हे आकडे जमिनीतील मोठ्या झाडांचे आहेत, टबातील रोपांचे नव्हेत. तरीही त्यांवरून कोणाचा स्वभाव कसा, हे उमगते. टोमॅटोसाठी बनविलेली पुडी लिंबाच्या रोपाला त्याच मात्रेत देणे, म्हणजे पहिलवानाचा खुराक तान्ह्या मुलाला भरविण्यासारखे आहे.

मग मात्रा किती असावी? तिला एकच आकडा नाही. रोपाच्या वयाबरोबर ती चढत जाते. बी रुजते तेव्हा बाळरोपाची शिदोरी त्याच्या दलांतच बांधलेली असते. ती संपेपर्यंत साधे चांगले पाणी पुरते. पहिली खरी पाने उलगडली, की होगलंड द्रावणाच्या चौथाई कसाने, म्हणजे ०.५ ते ०.७ च्या आसपास, आरंभ करावा. चार-सहा पाने नीट पसरली, की निम्म्या कसापर्यंत, म्हणजे १ ते १.२ पर्यंत, यावे. पुढे खोड बळकट होऊ लागले आणि वाढ जोमात आली, तर १.५ पर्यंत जाण्यास हरकत नसते. मात्र प्रत्येक पायरीवर आठ-दहा दिवस थांबून नवी पाने कशी येतात, ते पाहावे. पपई भरभर वाढते आणि तिची भूक मोठी असते. लिंबू आणि संत्रे सावकाश चालतात. एका फळाचे माप दुसऱ्याला लावू नये.

द्रावण विरळ असले म्हणजे रोप उपाशी राहील, ही भीती बहुतेकांना असते. अन्न किती दाट आहे, यापेक्षा ते मुळांपर्यंत सतत पोहोचते की नाही, याला अधिक महत्त्व आहे. साचलेल्या पाण्यात मुळांलगतचे क्षार संपतात आणि रोप खरोखरच उपाशी राहते. तेच विरळ द्रावण हलते-वाहते ठेवले आणि वेळोवेळी बदलले, तर त्यावर रोप चांगले पोसते. विरळ द्रावणाचा आणखी एक गुण असा, की रोप फांद्यापानांच्या मानाने मुळांवर अधिक खर्च करते. फळझाडाच्या रोपाला हेच हवे असते. अर्थात याचीही मर्यादा आहे. जुनी पाने सरसकट फिकी पडू लागली, खोड काडीसारखे बारीक राहिले आणि नवी फूट थांबली, तर कस खरोखर कमी पडतो आहे असे समजावे. रोप किती उंच झाले, यावरूनही निर्णय करू नये. बुडाशी खोड किती जाड झाले, नवी मुळे पांढरी आणि टवटवीत आहेत की तपकिरी, यावरून करावा.

आता पाण्याचा प्रश्न. पुष्कळांचा हिशेब पुडी उघडल्यापासून सुरू होतो; वास्तविक तो नळाखाली सुरू व्हावयास हवा. इंदूरला १९७८ पासून जलूदहून उचलून आणलेले नर्मदेचे पाणी मिळू लागले. त्याच्या जोडीला पुष्कळ घरांत बोरिंगचे पाणीही वापरतात. काळ्या कातळाच्या प्रदेशातील जमिनीखालचे पाणी बहुधा जड असते. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट आधीच विरघळलेले असतात. असे समजा, की बोरिंगच्या पाण्याची वाहकताच ०.८ भरली. तर त्यात चौथाई कसाचे क्षार घालताच एकूण आकडा १.३ च्या वर गेला आणि पूर्ण मात्रा घातली तर तो ३ ला पोहोचला. गच्चीवरील गृहस्थाच्या टबात हेच घडण्याचा संभव अधिक. म्हणून आधी नुसत्या पाण्याची वाहकता मोजावी आणि मगच त्यात किती भर घालावयाची ते ठरवावे. पाणी फार जड असेल, तर साठविलेले पावसाचे पाणी मिसळणे हा सर्वांत चांगला उपाय. घरगुती यंत्राने मऊ केलेले पाणी मात्र वापरू नये. त्या यंत्रात कॅल्शियम जाऊन त्याच्या जागी सोडियम येते आणि लिंबूवर्गीय रोपांना सोडियम आणि क्लोराइड हे दोन्ही बाधतात. पालाशासाठी म्युरिएट ऑफ पोटॅश न घेता पोटॅशियम नायट्रेट किंवा सल्फेट घ्यावे, ते याच कारणाने. आणि कॅल्शियम नायट्रेटचे दाट द्रावण सल्फेट-फॉस्फेटच्या दाट द्रावणापासून निराळ्या बाटलीत ठेवावे. दोन्ही एकत्र केली, तर गाळ होऊन तळाशी बसतो आणि रोपाच्या वाट्याला काहीच येत नाही.

हवामानाचाही या हिशेबात मोठा भाग आहे. माळव्याच्या रात्री सुखद म्हणून नावाजलेल्या आहेत. परंतु एप्रिल-मे महिन्यांत इंदूरला दुपारचा पारा ४० अंशांवर जातो. त्या दिवसांत रोप क्षारांपेक्षा पाणी कितीतरी वेगाने पिते. २० लिटर द्रावणाची वाहकता १.२ असली आणि चार दिवसांत पाणी १५ लिटरवर आले, तर क्षार जवळजवळ तेवढेच राहिल्याने आकडा १.६ होतो. कोणी काही न घालताही द्रावण तीव्र झालेले असते. अशा वेळी पातळी भरून काढण्यासाठी पुन्हा द्रावण ओतणे ही चूक होय. साधे पाणी ओतावे. उन्हाळ्यात मूळचा कसही थोडा उतरवावा, थंडीत थोडा चढवावा. त्याबरोबर टब सावलीत ठेवावा. २० अंश उष्णतेच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर तो साडेसातापर्यंत उतरतो. मुळाला हवा लागते, हे हॉवर्डचे सूत्र पाण्यातही खरे असते. गुदमरलेल्या मुळाला कितीही मोजूनमापून दिलेले अन्न घेता येत नाही. म्हणूनच माशांच्या काचपेटीत वापरतात तसला हवेचा छोटा पंप येथे चैनीचा नसून गरजेचा असतो.

सर्वांत घातक चूक पिवळ्या पानाची. रोपाचे कोवळे पान पिवळे पडते, शिरा मात्र हिरव्या राहतात. मालकाला वाटते, रोप भुकेले आहे. तो मात्रा वाढवितो. पान अधिकच पिवळे होते आणि तो आणखी वाढवितो. वास्तविक हा लोहाच्या उणिवेचा प्रकार असतो, आणि पुष्कळदा लोह द्रावणात असतेही. जड पाण्यातील बायकार्बोनेटमुळे द्रावणाचा सामू चढतो आणि ७ च्या वर गेल्यावर मुळाला लोह नीट घेता येत नाही. इलाज आहे सामू ५.५ ते ६.५ च्या दरम्यान आणण्याचा आणि लोह चिलेटच्या रूपात देण्याचा. कस वाढविण्याचा नव्हे. उलट जुन्या पानांची टोके आणि कडा करपणे, पाने लहान आणि काळपट हिरवी होणे, ही कस जास्त झाल्याची खूण होय. म्हणून पान पाहावे, परंतु वाहकता आणि सामू मोजल्यावाचून औषध करू नये.

हा सारा खटाटोप केवळ गच्चीवरील हौसेचा आहे, असे मात्र समजू नये. विदर्भातील संत्र्याच्या बागांना डिंक्या आणि मूळकूज यांनी वर्षानुवर्षे छळले आहे. हे रोग फायटोफ्थोरा नावाच्या जंतूमुळे होतात आणि ते मातीतून पसरतात. रोपवाटिकेच्या वाफ्यात हा जंतू असला, तर तो रोपाच्या मुळांबरोबर नव्या बागेत जातो आणि शेतकऱ्याला त्याचा पत्ता पाच-सात वर्षांनी, झाड फळावर आल्यावर लागतो. तोवर जमीन, पाणी आणि श्रम खर्ची पडलेले असतात. म्हणून नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने जमिनीवरील वाफ्यांऐवजी निर्जंतुक केलेल्या मिश्रणात, ट्रे आणि पिशव्यांत, शेडनेटखाली रोपे वाढविण्याचा पुरस्कार केला. जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचा खुंट असा वाढवून, खोड पेन्सिलीएवढे जाड झाले की त्यावर संत्र्याचा डोळा भरतात. संत्रे आता माळव्यातही आगर आणि शाजापूरच्या बाजूस घेतले जाते. तेव्हा हा प्रश्न इंदूरच्या दारातला आहे.

ट्रेमधील मूठभर मिश्रण आणि टबातील पाणी यांत तत्त्वतः फारसे अंतर नाही. दोन्हीकडे मातीचे भांडार नसते आणि रोपाला मिळते ते पाण्याबरोबर दिलेल्या क्षारांतून मिळते. टबात क्षार साचले तर निदान उपकरण बुडवून कळते. मिश्रणात ते दडून राहतात. म्हणून तेथे पिशवीच्या तळातून निथळणारे पाणी मोजावे. दिलेल्या द्रावणापेक्षा त्याचा आकडा बराच चढा आला, तर साधे पाणी भरपूर देऊन साचलेले क्षार धुऊन काढावेत. खुंटाची निवडही येथे उपयोगी पडते. रंगपूर लिंबाचे मूळ क्लोराइडला बरेच दूर ठेवू शकते, जंबेरीला ते तितकेसे जमत नाही. रोपवाटिकेचा मालक घाईने रोपे फुगवून विकतो, की सावकाश कस चढवून त्यांची मुळे घडवितो, यावर दूरच्या एखाद्या शेतकऱ्याची बाग अवलंबून असते. नर्सरीत हिरवेगार दिसणारे, पण मुळांनी दुबळे रोप काळ्या जमिनीत गेले, की पहिल्याच पावसाळ्यात त्याची परीक्षा होते.

शेवटी रोपाला टबातून किंवा पिशवीतून मातीकडेच जावयाचे असते. लावणीपूर्वी दोन आठवडे कस हळूहळू निम्म्यावर उतरवावा, उन्हाची थोडी थोडी सवय करावी आणि पिशवीत गोल वेटोळी घातलेली मुळे मोकळी करावीत. खड्ड्यात चांगले कुजलेले खत घालावे आणि पाण्याचा निचरा पाहून घ्यावा. येथून पुढे क्षार सांभाळण्याचे काम माती पुन्हा आपल्याकडे घेते.

गच्चीवरील त्या गृहस्थाने यापुढे काय करावे? दीडपट क्षारांच्या टबातील पाणी काढून टाकावे, मुळे साध्या पाण्याने धुवावीत, टब सावलीत आणावा आणि चौथाई कसापासून पुन्हा आरंभ करावा. मुळांची पांढरी टोके अजून शाबूत असली, तर दोन-तीन आठवड्यांत नवी पालवी दिसू लागेल. मग रोज सकाळी तीन आकडे वहीत टिपावेत: पाण्याची पातळी, वाहकता आणि सामू. त्या वहीची चार पाने भरतील, तोपर्यंत आपल्या पाण्याचा आणि आपल्या रोपाचा स्वभाव त्याला पुडीवरच्या मजकुरापेक्षा अधिक कळलेला असेल.